डुकरांसाठी जुनी रायफल घेण्याआधी

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



मला इथे उभे केले आहे ते मी बंदुकीचा जाणकार आहे म्हणून नव्हे, मी फसलो आहे म्हणून. मागच्या बैठकीत जेवणाच्या पंगतीत तिघाचौघांनी मला एकच गोष्ट विचारली, ''भाऊ, एक जुनी रायफल मिळून राहिली, घेऊ का?'' प्रत्येकाच्या कानात वेगळे सांगण्यापेक्षा सगळ्यांना एकदाच सांगावे असे ठरले.

आधी ही वस्तू पाहा. (पत्र्याचा तुकडा वर धरून) हा टिनाचा तुकडा आहे. याला भोक आहे. मागे बसलेल्यांना दिसत नसेल तर पुढच्यांनी पाहून मागे द्यावा. भोक गोल नाही, खारकेसारखे लांबट आहे, हे ध्यानात ठेवा. त्याचे कारण पुढे येईल.

डुकरांचे गाऱ्हाणे तुम्हाला सांगायला नको. आमच्या शिवारात एके काळी घरोघर ज्वारी होती. आता धुऱ्याला धुरा लागून दहा वावरे फिरलात तर एखाद्या वावरात ज्वारी दिसेल. भाव हे एक कारण आहेच. पण दुसरे कारण असे की दाणा दुधात आला की रात्री डुकरांचा कळप शिरतो, खातो थोडे आणि लोळवतो जास्त. ज्वारी गेली की कडबा गेला, कडबा गेला की ढोरे गेली. मग पऱ्हाटी आणि तूर राहिली, तर तिथे रोही आहेतच. माणूस चार महिने जागल करतो. डबा वाजवतो, फटाके फोडतो, जुनी लुगडी बांधतो. डुकरे आठ दिवस भितात, नवव्या दिवशी लुगड्याशेजारीच बसून खातात.

मग माणसाचे डोके फिरते. कोणी तारेत वीज सोडतो. त्या तारेला डुकराआधी शेजाऱ्याचा बैल लागतो, नाही तर स्वतःचा पोरगा लागतो. अशी मौत झालेली घरे या मांडवातल्या लोकांनी पाहिली आहेत, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही. त्यापेक्षा परवान्याची बंदूक बरी, हे माझेही मत होते आणि आजही आहे. प्रश्न एवढाच की कोणती बंदूक, आणि ती पाहून कशी घ्यायची.

माझी हकीकत अशी. परवाना मिळायला मला दोन वर्षे लागली. हातात परवाना आला तेव्हा मला वाटले की आता अर्धवट काम करायचे नाही, घ्यायची तर रायफलच. शेजारच्या जिल्ह्यात एका गृहस्थांकडे वडिलांच्या काळची रायफल होती. तीनशे पंधरा बोअरची, बोल्टची. तुमच्यापैकी पुष्कळांनी ही जात पाहिली असेल. बँकेच्या दारातल्या पहारेकऱ्याच्या खांद्यावर कधी कधी असते. बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात ती बनत आली आहे. तिचा सांगाडा इंग्रजी फौजेच्या ली-एनफिल्ड बंदुकीचा आहे, पण गोळी वेगळी. फौजेची तीनशे तीनची काडतुसे बाहेर चोरीला गेली तरी लोकांच्या बंदुकीत चालू नयेत, म्हणून इंग्रजांनी लोकांसाठी हे वेगळे माप ठेवले. इंग्रज गेले, ते माप राहिले. तीनशे तीनचे माप आजही सामान्य माणसाला बंद आहे. म्हणून कोणी तुम्हाला ''फौजेतली जुनी तीनशे तीन आहे, स्वस्तात देतो'' असे म्हणाला, तर त्याच्या घरचा चहासुद्धा पिऊ नका.

तर मी ती रायफल पाहायला गेलो. दस्त्याला तेल लावलेले, नळी काळीभोर, चकचकीत. बोल्ट मागे ओढला, खट् आवाज आला, पुढे ढकलला, पुन्हा खट्. मन भरले. गृहस्थ म्हणाले, ''बापाने वर्षातून दोन गोळ्या मारल्या असतील. नळी कोरी आहे.'' गावातल्या दुकानदारानेही मान हलवली. त्यात त्याचीही दलाली होती, हे मला नंतर कळले. मी एका बैलजोडीचे पैसे मोजले.

आता गंमत पाहा. हाच मी, बैल घ्यायला बाजारात गेलो तर काय करतो? शिंगांना रंग दिला आहे म्हणून भुलत नाही. तोंड उघडून दात मोजतो, खूर पाहतो, चालवून पाहतो, गाडीला जुंपून पाहतो. शेपटीखाली हात घालतो. आणि रायफल घेताना फक्त शिंगांचा रंग पाहून आलो.

वनखात्याकडे अर्ज केला, रानडुकरासाठी परवानगी मिळाली. कार्तिकात एका संध्याकाळी ज्वारीच्या कडेला साठ पावलांवर एक मोठे डुक्कर उभे राहिले. मी धुऱ्याआड बसलो होतो. नेम नीट धरला होता, असे मला आजही वाटते. चाप ओढला. डुक्कर उडाले आणि निघून गेले. त्याला काही लागले नाही. पाचशे पावलांवर शेजाऱ्याची खोपडी आहे, टिनाची. त्याचा मुलगा, बारावीतला, तिथे जागलीला असतो. तो पाच मिनिटांपूर्वी कळशी घेऊन विहिरीवर गेला होता, म्हणून आज आहे. जिथे तो टेकून बसायचा त्या टिनात हे भोक पडले.

शेजाऱ्याने पोलिसांत तक्रार दिली नाही. त्याने तो पत्रा कापला, माझ्या हातात दिला आणि म्हणाला, ''हा तुमच्याजवळच ठेवा.'' त्याची बायको पूर्वी आमच्या घरी विरजण मागायला यायची. ती त्यानंतर आली नाही.

मी रायफल आणि हा पत्रा घेऊन नागपूरला एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. त्याने रायफलीला हात लावण्याआधी पत्रा पाहिला. म्हणाला, ''गोळी आडवी होऊन आली.'' रायफलीच्या नळीत आतून पिळाचे आटे असतात. त्या आट्यांत गोळी घट्ट बसून फिरत बाहेर पडते, भोवऱ्यासारखी. फिरते म्हणून ती सरळ जाते. आटे झिजले, गंजले, किंवा नळीचे तोंड खराब झाले, तर गोळी पुरती फिरत नाही, डुलते, आणि भोवरा मरताना आडवा होतो तशी हवेत आडवी होते. मग ती कुठे जाईल हे मारणाऱ्याच्या हातात राहत नाही. खारकेसारखे भोक पडते ते त्यामुळे.

मग त्याने मला एकेक गोष्ट दाखवली. ती मी घेण्याआधी पाहायला हवी होती. तुम्हाला तीच सांगतो.

पहिले काम, विकणारा शंभर वेळा ''खाली आहे'' म्हणाला तरी बोल्ट उघडायचा, काडतुसाची पेटी खाली काढायची, आणि आत डोळ्याने तर पाहायचेच, करंगळी घालूनही चाचपायचे. त्यानंतरच बाकीचे बोलणे.

मग बोल्ट पूर्ण बाहेर काढायचा. नळी मागच्या बाजूने डोळ्याला लावून उजेडाकडे धरायची. पण त्याआधी कोरड्या फडक्याने नळी आतून पुसायला लावा. जाड तेल भरलेली नळी नेहमीच कोरी दिसते. तेलाखाली खड्डे झाकलेले असतात, जसे शेण लिंपल्यावर भिंतीची भेग दिसत नाही. पुसल्यावर आट्यांच्या कडा धारदार आणि एकसारख्या दिसल्या पाहिजेत. माझ्या रायफलीत शेवटच्या वीतभर भागात आटे होते की नव्हते, हेच कळत नव्हते. आणि मधे गंजाचे खड्डे. कारागीर म्हणाला, जुन्या काळच्या काडतुसांच्या टोपीत जो मसाला असे, त्याचे मीठ नळीत राहते आणि ते पावसाळी हवेत पाणी ओढते. ते मीठ तेलाने निघत नाही, पाण्याने निघते. गरम पाण्याने धुऊन, वाळवून, मग तेल लावायचे. माझ्या गृहस्थांच्या वडिलांनी दोनच गोळ्या मारल्या असतील हे खरेही असेल. पण मारल्यावर धुतले नाही, आणि वर तीस पावसाळे गेले.

नळीत एखाद्या ठिकाणी कड्यासारखी काळी सावली दिसली, तर ती रायफल तिथेच ठेवून घरी यावे. नळीत काही अडकलेले असताना कोणीतरी गोळी मारली आणि नळी तिथे फुगली, असा त्याचा अर्थ. बाहेरून बोट फिरवले तर कधी कधी तो फुगवटा हाताला लागतो.

नळीचे तोंड नखाने चाचपा. तिथे खाच असेल, किंवा साफ करायची सळई रोज पुढून घालून एका बाजूने झीज झाली असेल, तर बाकी नळी चांगली असूनही गोळी सरळ जाणार नाही. ही बारीक गोष्ट आहे आणि नवखा माणूस हमखास तीच विसरतो.

बोल्टवर नंबर असतो, सांगाड्यावर नंबर असतो. दोन्ही एक असले पाहिजेत. ली-एनफिल्डच्या घराण्यात प्रत्येक बोल्ट आपल्या रायफलीला घासून बसवलेला असतो. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट आत जातो, बंद होतो, खट् आवाजही तसाच येतो. पण काडतुसामागे जागा कमीजास्त राहते. जागा जास्त राहिली तर काडतुसाचे पितळ बुडाजवळ चिरते, आणि आतला जाळ मागे येतो. मागे म्हणजे कुठे? जिथे तुमचा डोळा आहे तिथे. ही जागा मापाने मोजतात, आणि ते माप कारागिराकडेच असते. तुमच्या-माझ्या डोळ्याला ती कळत नाही. म्हणून पैसे देण्याआधी कारागिराला दाखवा. त्याची मजुरी जाईल, ती जाऊ द्या. आपण विहीर खणण्याआधी पाणाड्याला पैसे देतोच. हा निदान मोजून सांगतो.

आणि नंबर खोडलेला, घासलेला, पुन्हा ठोकलेला दिसला, तर ती वस्तू गुन्ह्यातली समजावी.

चापाचे असे. रिकाम्या रायफलीचा बोल्ट बंद करा, सेफ्टी लावा, चाप जोराने ओढा, सोडा. मग सेफ्टी काढा. काढताच आत खट् झाले तर ती रायफल एक दिवस आपोआप उडेल. सेफ्टी काढलेल्या रिकाम्या रायफलीचा दस्ता पायाखालच्या मातीवर दोनतीनदा आपटून पाहा. तेव्हाही आत काही सुटता कामा नये. दस्त्याचे मानेजवळचे लाकूड नखाने पाहा. तिथेच तडा जातो आणि तिथेच फेव्हिकॉल भरलेला असतो. स्क्रूच्या खाचा फाटलेल्या दिसल्या तर समजा की घरच्या पेचकसाने कोणीतरी आत हात घातला आहे. जुन्या वस्तूवर अगदी ताजा काळा रंग दिसला की मी तर आता आधी शंकाच घेतो.

हे सगळे ठीक निघाले, तरी शेवटी कागदावर गोळी मारून पाहायचीच. रायफल क्लबच्या मैदानावर, जिथे मागे मातीचा बांध असतो तिथे, पिशवीवर टेकवून पाच गोळ्या. भोके गोल पाहिजेत आणि जवळजवळ पाहिजेत. विकणारा यालाच तयार नसेल तर उत्तर मिळाले.

एक राहिले. विकणारा म्हणेल, ''ही मूठभर काडतुसे तशीच घेऊन जा.'' घेऊ नका. परवान्यावर नोंद नसलेले काडतूस घरात असणे हाच गुन्हा आहे. आणि जुने काडतूस कधी उशिराने उडते. चाप ओढल्यावर नुसते खट् झाले तर लगेच बोल्ट उघडायचा नाही. नळी मोकळ्या जमिनीकडे धरून अर्धा मिनिट थांबायचे. कधी ते अर्धेच उडते, फुस्स होते आणि गोळी नळीत अडकते. त्यावर दुसरी मारली की तो मघाचा फुगवटा. तीनशे पंधराची काडतुसे आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातही बनतात. ती परवाना दाखवून, पावती घेऊन, दुकानातूनच घ्यावी. महाग पडतात, आणि दर वेळी मिळतीलच असेही नाही. हाही हिशेब मी घेण्याआधी केला नव्हता.

आता कायदा. यात वकिली नाही, फक्त जे माझ्यावर गुदरले तेवढे सांगतो.

शस्त्र कायदा १९५९ चा आहे. त्याच्या तेराव्या कलमात आपल्यासाठी एक गोष्ट लिहिलेली आहे आणि ती आपल्याला कोणी सांगत नाही. पिकाच्या खऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागितली, तर परवाना देणाऱ्याने तो द्यायचा आहे. आणि ठासणीच्या बंदुकीने भागत नाही असे त्याला पटले, तर वीस इंचांपेक्षा कमी नसलेल्या नळीची दुसरी साधी, बिनआट्याची बंदूक देता येते. म्हणजे बारा बोअर. नाकारायचे तर त्याला कायद्यातले कारण लागते. चौदाव्या कलमात असेही आहे की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणाने परवाना नाकारायचा नाही. दोन एकरवाल्याने आणि मक्त्याने करणाऱ्यानेही हे लक्षात ठेवावे. पण रायफलीचे तसे नाही. तिच्यासाठी सबळ कारण पटवावे लागते आणि ते पटले की नाही हे साहेब ठरवतो. माझी दोन वर्षे तिथे गेली. बारा बोअर मागितली असती तर कदाचित एक पेरणी वाचली असती.

शिवाय टिपेश्वर, पैनगंगा, कारंजा-सोहोळ अशा अभयारण्यांच्या दहा किलोमीटरच्या आत ज्यांची गावे आहेत, त्यांना नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या आधीच्या संमतीशिवाय मिळत नाही. डुकरे अभयारण्यातून निघून तुमच्याच गावात आधी येतात, आणि परवाना तुम्हालाच सगळ्यात उशिरा. या तरतुदीचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. २०१६ च्या नियमांपासून शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते. याचा मात्र मला राग नाही. परवाना २०१९ च्या दुरुस्तीपासून तीनऐवजी पाच वर्षांचा झाला आहे.

जुनी बंदूक एकाने दुसऱ्याला देताना, विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या ठाण्यात लेखी कळवायचे आणि पंचेचाळीस दिवस थांबायचे. त्यानंतर वस्तू हलते, आणि तुमच्या परवान्यावर नंबरासह चढते. इसार देऊन वस्तू घरी नेणे, ''कागद मागाहून होतील'' म्हणणे, हे आपण जमिनीच्या व्यवहारात करतो आणि रडतो. इथे केले तर बिनपरवाना शस्त्राची शिक्षा २०१९ पासून कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षांची आहे.

परवाना म्हणजे मारण्याची परवानगी नव्हे. बंदूक एका खात्याची, डुक्कर दुसऱ्या खात्याचे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. उभ्या पिकाला धोका झाला म्हणून रानडुक्कर मारायचे तर अकराव्या कलमाखाली लेखी परवानगी लागते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे, म्हणून ही वाट त्याला लागू आहे. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. त्याने सगळे वावर खाल्ले तरी पिकासाठी त्याला मारता येत नाही. केरळात २०२२ मध्ये ही परवानगी देण्याचे अधिकार गावपातळीच्या लोकप्रतिनिधींपर्यंत आणले गेले. आपल्याकडे वनखात्याच्या दारात जावे लागते. आणि मेलेले डुक्करही आपले नाही. जिवंत असताना आपले पीक खाते, मेल्यावर सरकारची मालमत्ता होते. खात्याला कळवा, पंचनामा होऊ द्या, मटणाचा विचारही करू नका.

आता माझे मत विचाराल, तर ते असे. आपली जमीन सपाट आहे. मागे डोंगर नाही, बांध नाही. चुकलेली रायफलीची गोळी तीन-तीन किलोमीटर जाऊ शकते, आणि तेवढ्यात आपल्याकडे दोन गावे, एक पांदण आणि दहा-वीस खोपड्या येतात. बारा बोअरचे मोठे छर्रे तीसचाळीस पावलांवरच कामाचे. पण चुकले तर अर्ध्यापाऊण किलोमीटरच्या आत जमिनीवर पडतात. तेही कमी नाही, तरी तीन किलोमीटर नव्हे. ज्याने आयुष्यात कधी गोळी मारली नाही, त्याने ज्वारीच्या शिवारात रायफल घेऊ नये. घेतलीच, तर मचाणावर बसूनच मारावी, म्हणजे गोळी खाली मातीत जाते. धुऱ्याआड बसून आडवी मारायची नाही, जशी मी मारली. २०१६ मध्ये बिहारमध्ये मोकामा भागात नीलगायी मारायच्या होत्या, तेव्हा तिथल्या सरकारने नेम बसलेले शिकारी हैदराबादहून बोलावले होते. सरकारलाही हे काम नवख्याच्या हाती द्यावेसे वाटले नाही.

माझ्या रायफलीचे काय झाले, हे कोणीतरी विचारणारच. कारागीर म्हणाला, नवी नळी बसवणे तुमच्या-माझ्या हातात नाही, त्याला वेगळी परवानगी लागते. ती परवाना असलेल्या दुकानात जमा केली आहे. एक गिऱ्हाईक आले होते, आपल्यासारखाच एक कापूसवाला. त्यालाही ती काळीभोर नळी आवडली. मी त्याला पुसलेल्या नळीतून पाहायला लावले आणि मग हा पत्रा दाखवला. तो गेला. बैलजोडीचे पैसे अडकले आहेत.

गेल्या वर्षी शेजाऱ्याचा तो मुलगा आणि मी मिळून दोन्ही वावरांच्या मधोमध एक मचाण बांधले. बारा बोअरचा माझा अर्ज ठाण्याच्या चौकशीत आहे. तोवर जागल आहेच, एक रात्र त्याची, एक रात्र माझी.

पंचेचाळीस दिवसांच्या सूचनेचा नमुना आणि वनखात्याच्या अर्जाचा नमुना मी आणला आहे, प्रत्येकी वीस प्रती. ज्यांचा व्यवहार ठरत आला आहे त्यांनी आधी घ्या. आणि तो पत्रा फिरत फिरत कुठवर गेला आहे, तो तेवढा परत पुढे द्या.